ऐंशी पावले चाललेला दगड

मित्रांनो, करमाडहून आमच्या भांबरखेड्याकडे येताना गायरानाच्या कडेला गुडघाभर उंचीचा एक काळा दगड तुम्हाला दिसेल. सवयीने तुमचा हात कपाळाकडे गेला, तर तो अर्ध्यातच खाली घ्या. मला राग येणार नाही. मी देव नाही, मी हद्दीचा दगड आहे. मधली चाळीसेक वर्षे मी देव होतो, हे खरे. पण ती नोकरी मी मागितली नव्हती.

माझा जन्म हर्सूलच्या पलीकडच्या एका खाणीत झाला. पोलीस ॲक्शन होऊन दोन वर्षे झाली होती. निजामाचे राज्य गेले होते, पण कचेरीतले कागद अजून उर्दूतच होते. जमिनी मात्र दोन्ही राज्यांत जागच्या जागी होत्या आणि त्यांच्यावरची भांडणेही जागच्या जागी होती. भांबरखेड्यात पाटलांचे शेत कुठे संपते आणि गावाचे गायरान कुठून सुरू होते, यावरून दर साली दोन-चार डोकी फुटत. म्हणून तिथे एक पक्का दगड रोवायचे ठरले. तो दगड म्हणजे मी.

मला घडवले सांडू पाथरवटाने. चार बाजू तासून त्याने मला चौकोनी केले आणि माझ्या माथ्यावर एक बाण कोरला. बाणाचे टोक ज्या दिशेला, ती जमीन साऱ्या गावाची. एवढेच माझे शिक्षण, आणि एवढेच माझे काम.

मला रोवायला लक्ष्मणराव पटवारी साखळी घेऊन आले होते. पाटील होते, गावचे पाच पंच होते. साखळी धरून मोजून झाले, हातभर खोल खड्डा झाला. मला खड्ड्यात सोडण्याआधी सांडूने टोपलीभर लोणारी, म्हणजे लाकूड जाळून केलेला, कोळसा आणून तळाशी ओतला.

"हे कशापायी रे?" लक्ष्मणरावांनी विचारले.

"साक्षीला, मालक," सांडू म्हणाला. "लाकडाची खुंटी कुजंल, दगड कुनी उपटून न्येईल. पन कोळशाला किडा लागत नाय, कुजत बी नाय. कव्हा तंटा झाला तर इथं खांदून बगायचं. कोळसा घावला, म्हंजी हद्द हितंच व्हती."

लक्ष्मणरावांनी मान डोलावली आणि मला कोळशावर उभे केले. पायाखाली साक्षीदार असलेला मी पंचक्रोशीतला एकटाच दगड असेन. त्या दिवशी मला फार मोठे झाल्यासारखे वाटले.

पुढची काही वर्षे मी मन लावून काम केले. काम काय, तर उभे राहायचे. पाटलांचे औत माझ्यापर्यंत येई आणि वळे. गावाची गुरे माझ्यापर्यंत येत आणि गुराखी त्यांना परतवत. डोकी फुटायची थांबली. कोणी माझे कौतुक केले नाही. तसे ते कोणी करतही नाही, कारण हद्द नीट असली की तिची आठवण कोणाला होत नाही.

मग बन्सी गुराख्याची म्हैस हरवली.

दोन दिवस तो रानोमाळ हिंडला. तिसऱ्या दिवशी म्हैस सापडली ती माझ्या अंगाला अंग घासत बसलेली. खाज सुटली होती तिला, बाकी काही नाही. पण बन्सीने माझ्यासमोर लोटांगण घातले. दुसऱ्या दिवशी तो शेंदूर आणि तेल घेऊन आला आणि त्याने माझ्या कपाळाला पहिले बोट लावले. "म्हसोबा हाय हा! माझी म्हैस राखली यानं!"

मी सांगणार तरी काय आणि कसे? एका बोटाची चार बोटे झाली. पोर तापली, लाव शेंदूर. बैल लंगडला, लाव शेंदूर. बघता बघता माझा बाण बुजला, कोपरे गेले, मी गोल गरगरीत झालो. गावातल्या चार म्हाताऱ्यांना ठाऊक होते की हा सरकारी दगड आहे. पण देवाला सरकारी म्हणायची हिंमत कोणात नव्हती.

आता सारजाबाईची गोष्ट सांगतो. माझी गोष्ट खरी तिथूनच सुरू होते.

सारजाबाई आणि तिचा नवरा पुंजाराम यांना स्वतःची जमीन म्हणून वीतभरही नव्हती. होत्या त्या सात शेळ्या, आणि त्या गायरानावर जगत. बहात्तरच्या दुष्काळात गायरानाची धूळ झाली. सरकारने काम काढले, गायरानातच गावतळे खोदायचे. माझ्यापासून चाळीसेक पावलांवर खोदाई सुरू झाली. सारजाबाई डोक्यावर मातीच्या पाट्या वाहायची आणि तिची तान्ही पोर आशा माझ्या आडोशाला, फडक्यावर निजायची. गुडघाभर दगडाची सावली ती किती! सूर्य वर आला की पोर उन्हात.

एक दिवस आशाला सणकून ताप भरला. तीन दिवस उतरेना. सारजाबाई माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "म्हसोबा, तुला बी ऊन लागतंय, माझ्या लेकराला बी लागतंय. तू हिला बरी कर, मी तुला सावलीत नेऊन बसवते."

पोर बरी झाली. कशाने झाली, ते मला ठाऊक नाही. मी काही केले नाही, एवढे मात्र शपथेवर सांगतो.

तळ्याच्या पलीकडे एक मोठा कडुलिंब होता, त्या वैराण रानातली तेवढीच एक सावली. सारजाबाईच्या शेळ्या तिथे बांधलेल्या असत, म्हणून तान्ही पोर तिथे निजवता येत नसे. करमाडच्या बाजाराचा दिवस होता. काम बंद, गाव रिकामे. भर दुपारी सारजाबाई आणि पुंजाराम पहार घेऊन आले.

"सरकारी दगड हाय गं," पुंजाराम चाचरत म्हणाला. "पटवाऱ्याला कळलं तर?"

"सरकारला ऊन लागत नाय, देवाला लागतं," ती म्हणाली. "धरा."

त्यांनी मला उपटले, एका मोडक्या बाजेवर आडवे घातले आणि दोरी बांधून ओढत नेले. दुष्काळात त्यांच्या अंगात बळ ते काय! दहा पावले ओढायचे आणि बसायचे. तळ्याच्या खड्ड्याला वळसा घालून त्यांनी मला लिंबाखाली उभे केले. जागेपासून सरळ मोजले तर ऐंशी पावले. सारजाबाईने जुना खड्डा बुजवला, पाल्याच्या फांदीने फरपटीच्या खुणा पुसल्या आणि पदराने माझे तोंड पुसले. खरे सांगू? सावली मला आवडली. इतक्या वर्षांत मला असे कोणी जपले नव्हते. पण पायाखाली कोळसा नव्हता, आणि ते मला सारखे टोचत राहिले.

संध्याकाळी बाजाराहून परतताना बन्सीने मला पाहिले आणि त्याच्या हातातली पिशवी गळाली. "म्हसोबा चालत आला! दुष्काळाला कटाळून सावलीत आला!" सारा गाव धावला. सारजाबाईने बोलायला तोंड उघडले, पुंजारामने तिच्याकडे पाहिले आणि तिने ते मिटले. त्या दिवशी मिटलेले तोंड पुढे पंचवीस वर्षे उघडले नाही.

मग काय विचारता! माझ्याभोवती ओटा झाला. चांदीचे डोळे बसले. त्या तिथीला जत्रा भरू लागली, आणि देव ज्यांच्या शेळ्यांशेजारी येऊन बसला त्यांचा मान म्हणून पहिला नारळ सारजाबाईच्या हातून फुटू लागला. जिला कोणी ओसरीवर बस म्हणत नव्हते, तिला बाया वाट करून देऊ लागल्या. नारळ फोडताना ती माझ्या चांदीच्या डोळ्यांकडे कधी बघत नसे. इकडे पाटलांचे औत दर साली चार तास, म्हणजे नांगराच्या चार ओळी, पुढे सरकत होते. वळायचे ते दगडापाशी, आणि दगड तर पुढे गेला होता. कोणाच्या मनात लबाडी होती, असे मी म्हणणार नाही. देवानेच दिले आहे, तर नाही कशाला म्हणा, असा तो सगळा कारभार होता.

तळे मात्र सगळ्यांचे होते. सारजाबाईने वाहिलेल्या मातीचे ते तळे पुढच्या पावसाळ्यात भरले आणि नंतर कधी पूर्ण आटले नाही. गावातल्या बिनजमिनीच्या माणसांची सारी जनावरे त्यावर जगली.

पंचवीस वर्षे गेली. जालना रोडला कारखाने येऊ लागले, आणि आमच्या रानालाही शहराची नजर लागली. थोरले पाटील वारले होते, त्यांचे चिरंजीव काकासाहेब आता शेत बघत. शहरातल्या एका माणसाला गोदाम बांधायला त्यांनी आपली कडेची जमीन द्यायची ठरवली. मोजणी आली. मोजणीदाराने जुना नकाशा उलगडला, तर नेमकी माझ्या हद्दीची रेघ घडीवर झिजून गेलेली.

"हद्दीचा दगड कुठाय?" त्याने विचारले.

लोकांनी त्याला लिंबाखाली आणले. शेंदराच्या खाली चौकोनी दगड आहे, एवढे त्याच्या लक्षात आले.

"हा पहिल्यापासून इथंच आहे?"

"नाय साहेब," बन्सी हात जोडून म्हणाला. तो आता पार थकला होता. "पलीकडं व्हता. बहात्तरला चालत आला."

मोजणीदार हसला. "बाबा, दगड चालत नसतात. म्हणजे तो इथंच होता." आणि त्याने तसे लिहून घेतले.

बघा मित्रांनो, गंमत कशी असते. गाव खोटे बोलत नव्हते आणि साहेब चुकीचे बोलत नव्हता. पण दोघांच्या मध्ये तळे गेले. माझी खरी जागा आणि लिंब यांच्या मधोमध ते होते, आणि ती सगळी पट्टी काकासाहेबांच्या नावावर निघाली. गोदामवाला तळे बुजवून भिंत घालणार होता.

गावच्या तलाठ्याला मोजणी पटली नव्हती. तो लक्ष्मणराव पटवाऱ्यांचाच मुलगा, वैजनाथ. "आमचे वडील सांगायचे, या खुणेखाली कोळसा पुरलाय," तो म्हणाला. "एकदा खणून बघू." पण देवाच्या बुडाशी पहार कोण घालणार? माणसे मागे सरली. आणि दगड चालतो यावर विश्वास नसलेल्या वैजनाथलाही माहीत नव्हते की माझ्या बुडाशी कोळसा सापडणारच नाही, कारण तो ऐंशी पावले मागे राहिला होता.

सव्वीस जानेवारीला ग्रामसभा बसली, झेंडावंदनानंतर, माझ्याच लिंबाखाली. सरपंचाच्या खुर्चीवर होती आशाबाई. तीच ती, माझ्या आडोशाला निजणारी पोर. गावातच दिलेली, बायांच्या राखीव जागेवर निवडून आलेली. सारजाबाई बायांच्या शेवटच्या रांगेत बसली होती. पुंजाराम दोन वर्षांपूर्वी गेला होता.

काकासाहेबांनी ना हरकतीचा ठराव मांडला. "मी कुनाचं घेत नाय," ते शांतपणे म्हणाले. "मोजनी सरकारची, दगड देवाचा. देव आपल्या पायानं इथवर आला, म्हंजी हद्द इथंच असावी असं त्याच्या मनात असंल. देवाच्या म्होरं जायचं का कुनी?"

आशाबाई खुर्चीत पुढे सरकली. "तळं गेलं तर जनावरं कुठं न्यायची, काकासाहेब?" तिने विचारले.

"त्ये देवाला इचारा," मागून कोणीतरी म्हणाले आणि चार माणसे हसली.

मित्रांनो, दगडाला छाती नसते म्हणतात. पण त्या क्षणी माझ्यात काहीतरी धडधडत होते. तिथे खरे काय ते दोघांनाच माहीत होते. एक मी, आणि मला तोंड नाही. दुसरी सारजाबाई, आणि तिने तोंड उघडले तर पंचवीस वर्षांचा मान एका दिवसात जाणार. शिवाय लेक सरपंच. आईने देव हलवला आणि गावाला फसवले, असे म्हणत लोक त्या खुर्चीकडे कसे बघतील?

आशाबाईने हात वर करायला सांगितले. ठरावाच्या बाजूने हात उठू लागले.

"थांब गं आशा," सारजाबाई उभी राहिली. गुडघ्यावर हात टेकून, हळूहळू. "देव चालत नाय आला. म्या आणला."

कोणाला आधी कळलेच नाही.

"म्या आन् हिच्या बापानं. बाजेवर घालून, वढत. ही तापली व्हती. म्या नवस बोलले, तुला सावलीत न्येते म्हून. नवस फेडला. सांजच्याला बन्सीदादा वरडला, देव चालत आला, देव चालत आला. मला बोलाया पाहिजे व्हतं. लोकं पाया पडाया लागले, आन् मला..." ती थांबली. "मला ग्वाड वाटलं. म्या गप बसले. त्ये माझं चुकलं."

बन्सी मटकन खाली बसला. कोणीतरी म्हणाले, "म्हातारी तळ्यापायी लबाड बोलतीय." काकासाहेबांनी नुसती मान हलवली. आशाबाई आईकडे बघत होती, पापणी न हलवता.

"जागा दाखवता येईल का, मावशी?" वैजनाथने विचारले.

"डोळे झाकून दावते."

ती निघाली, आणि सारी सभा तिच्या मागे. तळ्याला वळसा घालून ती काकासाहेबांच्या उभ्या हरभऱ्यात शिरली. चार पावले इकडे, दोन तिकडे करून तिने काठी टेकवली. "हितं."

काकासाहेब क्षणभर आपल्या हरभऱ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "खांदा."

एक हात खणले. माती. सव्वा हात खणले. पहारीला काही तरी चरचरले आणि काळे तुकडे वर आले. टोपलीभर कोळसा, सत्तेचाळीस वर्षांपूर्वी ओतला होता तसाच. मी लिंबाखाली एकटाच होतो, मला काही दिसले नाही, हे सगळे मला नंतर गुराख्यांच्या बोलण्यातून कळले. पण "घावला! घावला!" ही आरोळी मी ऐकली, आणि मला माझे पाय सापडल्यासारखे वाटले.

काकासाहेबांनी एक तुकडा उचलून बोटांत चुरला. "बाबा सांगायचे ह्या कोळशाचं," ते म्हणाले. "मी इसरलो. का इसरून घेतलं, कोन जाने." मग वैजनाथकडे वळून म्हणाले, "ह्या कोळशापत्तुरच लिहा माझं."

"पंचनाम्यात दगडाचं काय लिहू, सरपंचबाई?" वैजनाथने विचारले. "सरकारी खूण हलवणं गुन्हा आहे. दुष्काळात हलला, असं मोघम लिहिता येईल."

"मोघम नगं," आशाबाई म्हणाली. "खरं लिहा. माझ्या आईनं हलवला. आन् माझ्या आईनंच जाग्यावर आणला."

पुढे तहसिलातून सारजाबाईला एक ताकीद आली. तिने त्यावर अंगठा दिला. एवढ्यावर भागले.

मला परत नेताना मात्र एक नवल घडले. चार माणसांनी पहारी घालून मला ओट्यावरून उचलले, तेव्हा अंगावरचा चाळीस वर्षांचा शेंदूर तडकला आणि नारळाच्या करवंटीसारखा अख्खाच्या अख्खा निखळून ओट्यावर राहिला, चांदीच्या डोळ्यांसकट. मी बाहेर आलो तो उघडा, काळा, चौकोनी. माथ्यावर सांडूचा बाण. माणसे एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या कवचाकडे बघू लागली. बन्सी डोळे पुसत पुढे झाला आणि म्हणाला, "देव हितं ऱ्हायला. दगड तुमचा तुमी न्या." आणि साऱ्यांना ते पटले. आजही ते कवच लिंबाखाली आहे, जत्रा भरते. पहिला नारळ सारजाबाईचा राहिला नाही. तिने तो मागितलाही नाही.

मला पुन्हा कोळशावर उभे केले. बाण गायरानाकडे, तळ्याकडे. पुन्हा तेच भगभगीत ऊन. सगळे गेले तरी सारजाबाई मागे थांबली. माझ्या तापलेल्या माथ्यावर हात ठेवून म्हणाली, "तू देव न्हाईस, म्हाईत हाय मला. पर ऊन लागतंय का रे?"



दुसऱ्या दिवशी ती लिंबाचे एक रोप घेऊन आली आणि माझ्यापासून दोन हातांवर, गायरानाच्या बाजूला तिने ते लावले. "दगड सावलीकडं न्हेला, त्ये चुकलं," ती स्वतःशीच पुटपुटली. "आता सावलीच दगडाकडं आनते." शेळ्यांपासून राखायला तिने रोपाला काटेरी बोराट्यांचे कुंपण घातले. रोज तळ्यातून तांब्याभर पाणी आणून ती घाली. चार उन्हाळे तिने एक दिवस चुकवला नाही.

गेल्या दिवाळीपासून ती येत नाही. तिचे गुडघे गेले आहेत, घरी बाजेवर असते, असे गुराख्यांच्या बोलण्यातून कळते. पाणी आता आशाबाई घालते, पण तिला कामे फार, कधी कधी राहून जाते.

मित्रांनो, तुमच्या गावातही असे दगड असतील. त्यांना शेंदूर नको, हार नको. ते जिथे आहेत तिथे त्यांना राहू द्या, आणि त्यांचा बाण कुणीकडे आहे ते कधी तरी वाकून बघा. त्या बाणापुढची जमीन कोणा एकाची नसते, ती तुमचीही असते. आणि आमच्याकडे आलात, तर तळ्यातून तांब्याभर पाणी आणून या झाडाला घाला.

आणखी एक काम आहे, ते मला करता येत नाही. काल दुपारी, बाराच्या थोडे पुढे, या झाडाची सावली पहिल्यांदा माझ्या माथ्यावर आली. बघायला कोणी नव्हते. तुम्ही गावात जाल, तेव्हा आशाबाईच्या आईचे घर विचारा. बाजेजवळ बसा आणि तिला एवढेच सांगा, की आता दगडाला ऊन लागत नाही.